जय कोणत्या खात्यात लिहावा?



सोयाबीन बाजारात येऊन गेलेले असते, कापसाची आवक भरात असते, त्या दिवसांत आमच्या वऱ्हाडातील तालुक्याच्या गावांना आणखी एक हंगाम लागतो. तो टेनिस चेंडूवरील क्रिकेट स्पर्धांचा. पूर्वी या स्पर्धांत गल्लीचा संघ गल्लीच्याच नावाने खेळे. वर्गणी काढून चेंडू आणले जात आणि जिंकलेला चषक एखाद्या पानठेल्याच्या फळीवर वर्षभर मिरवत असे. आता या स्पर्धांना 'प्रीमियर लीग' म्हणतात. खेळाडूंची बोली लागते, संघांना मालक असतात आणि चौकातील फलकावर खेळाडूंपेक्षा मालकाचे छायाचित्र मोठे असते. मालक कोण? कोणी कृषी केंद्र चालविणारा, कोणी सराफ, कोणी अडत्या. आमचे बाळापूरही यास अपवाद नाही.

गेल्या मार्गशीर्षात दुकान वाढविण्याच्या वेळी माझा पुतण्या गादीजवळ येऊन बसला.

"काका, एकावन्न हजार द्यावे लागतील. आठ संघ आहेत. त्यांतला एक आपल्या पेढीच्या नावाने घ्यावा, असं मनात आहे."

"यात मिळकत काय?"

"पहिलं बक्षीस एक लाखाचं आहे."

"ते आठांपैकी एकाला. उरलेल्या सातांचं काय?"

"जाहिरात तर होईल ना, काका! आठ दिवस भोंग्यावर आपल्या पेढीचं नाव."

"आपल्याकडे सरकी-ढेप न्यायला येणारा शेतकरी भोंगा ऐकून येतो का?"

तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, "खरं सांगू? मला जिंकायचंय."

आतून माझ्या मातोश्रींनी विचारले, "अरे, माणसांची बोली लावतात म्हणे?" "आजी, माणसांची नाही, त्यांच्या खेळाची," असे त्याने उत्तर दिले, परंतु तिचे समाधान झालेले दिसले नाही. मुनीमजी रोजमेळ मिटता मिटता म्हणाले, "शेठजी, द्यायचेच झाले तर कोणत्या खात्यात लिहू?"

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री देता आले नाही. संघाचा मालक नफ्यासाठी संघ घेतो की जयासाठी, हा वाद वर्तमानपत्रांतून आणि कट्ट्यांवरून पुष्कळ ऐकलेला होता. तो आपल्याच गादीवर येऊन बसला, तेव्हा नीट विचार करणे भाग पडले. आपल्या परंपरेने अशा वेळी अनेकांताचा मार्ग सांगितला आहे. मात्र अनेकांत म्हणजे 'हेही खरे आणि तेही खरे' म्हणून सुटका करून घेणे नव्हे. कोणती गोष्ट कोणत्या अपेक्षेने खरी, हे स्पष्ट करण्याची जबाबदारी त्यात असते. तेव्हा मालकांच्या मनात डोकावण्याचा खटाटोप न करता त्यांची चोपडी वाचावी, असे मी ठरविले. मन कोणालाही दिसत नाही, नोंदी दिसतात.

प्रथम मोठी पेढी पाहू. जानेवारी २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या आठ संघांची विक्री झाली. सर्वांत महाग मुंबईचा संघ, ११ कोटी १९ लाख डॉलरांस. सर्वांत स्वस्त जयपूरचा, ६ कोटी ७० लाख डॉलरांस. पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळाले ते या सर्वांत स्वस्त संघाला, शेन वॉर्नच्या नेतृत्वाखाली. मुंबईला पहिल्या अजिंक्यपदासाठी २०१३ सालापर्यंत थांबावे लागले. पुढे त्यांनी २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी आणखी चार पदे मिळविली ही गोष्ट वेगळी. पण भारी किंमत मोजली की जय लगेच घरी येतो, असे या नोंदीवरून म्हणता येत नाही.

आता या पेढीची मिळकत कोठून येते ते पाहू. तिचा मोठा भाग सामने दाखविण्याच्या हक्कांतून येतो. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क १६,३४७ कोटी ५० लाख रुपयांस गेले होते; २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे ४८,३९० कोटींस गेले. हा पैसा क्रिकेट मंडळ आणि संघ यांच्यात वाटला जातो आणि संघांचा हिस्सा बहुतांशी सारखा असतो. पहिल्या येणाऱ्या संघाला बक्षीस मिळते खरे. २०२५ मध्ये ते २० कोटींचे होते. त्याच वर्षासाठी लखनौच्या संघाने ऋषभ पंत या एकाच खेळाडूवर २७ कोटींची बोली लावली होती. म्हणजे संपूर्ण स्पर्धा जिंकूनही एका खेळाडूचे एका वर्षाचे मोल भरून निघाले नसते. प्रत्यक्षात तो संघ त्या वर्षी दहांत सातवा आला.

व्यापारी माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. बाजार समितीच्या आवारात गाळे मोजकेच असतात. ज्याच्याकडे गाळा आहे, त्याची यंदाची उलाढाल कमी झाली तरी गाळ्याची किंमत उतरत नाही, कारण गाळे वाढत नाहीत आणि बाजार मात्र वाढतो. २००८ साली सर्वांत महाग संघाला त्या वेळच्या दराने साधारण साडेचारशे कोटी रुपये पडले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन नवे संघ विकले गेले, तेव्हा लखनौसाठी ७,०९० कोटी आणि अहमदाबादसाठी ५,६२५ कोटी मोजले गेले. गाळ्याची किंमत अशी चढली. आणि गाळा कोणी काढूनही घेत नाही. तळाशी राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पंक्तीला बसतो.

इंग्लंडमधील फुटबॉलची रीत निराळी आहे. तेथे वरच्या श्रेणीतील वीस संघांपैकी शेवटचे तीन दरवर्षी खालच्या श्रेणीत ढकलले जातात. लेस्टर या मध्यम शहराचा संघ २०१६ साली अजिंक्य ठरला आणि २०२३ साली खालच्या श्रेणीत गेला. तेथे हरण्याची किंमत थेट गल्ल्यातून जाते. म्हणून नफा हवा असलेल्या मालकालाही निदान हरायचे नाही, एवढी काळजी घ्यावीच लागते. आपल्याकडच्या रचनेत हरणाऱ्याचा हिस्सा सुरक्षित असतो. तेव्हा 'मालक लोभी की खिलाडू?' या प्रश्नाआधी 'नियम कोणते?' हा प्रश्न विचारावा लागतो. सज्जन आणि लोभी असे दोन्ही मालक एकाच नियमाखाली बसविले, तर बहुधा त्यांच्या चोपड्या सारख्याच दिसतील.

सारख्याच दिसतील, पण अगदी एक नसतील. आपल्या पुण्याचे उदाहरण घ्या. पुण्याला या स्पर्धेत दोन वेळा संघ मिळाला आणि दोन्ही वेळा गेला.

पहिला संघ सहारा समूहाने मार्च २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरांस घेतला. दोनच वर्षांपूर्वी सर्वांत महाग ठरलेल्या संघाच्या तिपटीहून अधिक ही रक्कम होती. संघ २०११, २०१२ आणि २०१३ असे तीन हंगाम खेळला आणि तिन्ही वेळा गुणतक्त्याच्या तळाजवळ राहिला. शुल्काच्या रकमेवरून मंडळाशी वाद झाला, बँकेची हमी वटविली गेली आणि संघ संपला. बोलीच्या भरात मुद्दल इतके चढले की पुढे ना जय हाती आला, ना नफा.

दुसऱ्या संघाची कथा सुरू होते जुगारापासून. २०१३ साली या स्पर्धेत सामन्यांवर पैसे लावल्याचे प्रकरण उघडकीस आले. न्यायमूर्ती लोढा यांच्या समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. दोन्हीकडील वरिष्ठ व्यक्ती पैजांत गुंतल्याचे ठरले होते. त्यापूर्वी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले होते की मंडळाचा कारभार पाहणाऱ्याने संघाचा व्यापार करू नये. बाजार समितीचा सभापती आणि लिलावातील खरेदीदार एकच असू नये, हे आपल्यातील कोणालाही सांगावे लागणार नाही.

रिकाम्या झालेल्या दोन जागांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये उलट बोली झाली. सामान्य लिलावात जो अधिक देईल त्याला माल मिळतो. येथे मंडळाच्या मिळकतीतून जो कमी हिस्सा मागेल त्याला संघ मिळणार होता. संजीव गोएंका यांच्या समूहाने पुण्यासाठी शून्याच्याही खाली, उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे हिस्सा तर नकोच, वर वर्षाला १६ कोटी आम्हीच देऊ. संघ दोनच वर्षे चालणार हे आधीच ठाऊक होते. गाळ्याची किंमत चढण्याची वाट पाहण्याचीही सोय नव्हती. पहिल्या वर्षी संघ आठांत सातवा आला. दुसऱ्या वर्षी महेंद्रसिंग धोनीकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथकडे दिले गेले आणि बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले गेले. २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत अंतिम सामना झाला. मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. एका धावेने पद गेले आणि ठरल्याप्रमाणे संघही गेला.

येथे नफ्याचा हेतू होता असे कसे म्हणावे? आणि नव्हता असे तरी कसे म्हणावे? त्याच समूहाने चार वर्षांनी लखनौच्या संघासाठी ७,०९० कोटी मोजले. पुण्याची दोन वर्षे ही उमेदवारी होती, की हौस होती, की नावासाठी केलेला खर्च होता, हे ते जाणोत. आपल्यासमोर दोन नोंदी आहेत. एक मालक जास्तीची किंमत देऊन बुडाला. दुसऱ्याने तोटा आधीच मोजून, मुदत आधीच जाणून खर्च केला. संघ दोघांचाही गेला, परंतु दुसऱ्याची पेढी हलली नाही.

नफा आणि जय यांखेरीज तिसरीही एक वस्तू असते, ती म्हणजे नाव. बंगळूरच्या संघाला २००८ साली जे नाव मिळाले, ते एका मद्याच्या छापाचे होते आणि संघ मद्यकंपनीचा होता. ज्या देशात मद्याची उघड जाहिरात करता येत नाही, त्या देशात ते नाव दर सामन्यात घरोघरी उच्चारले गेले, आपल्या घरांतसुद्धा. सतरा वर्षे या संघाला अजिंक्यपद मिळाले नाही. तीन वेळा अंतिम सामना हरला. तरी त्याच्या चाहत्यांत घट झाली नाही. जयाविना नाव वाढू शकते, याचा याहून मोठा दाखला नाही.

शेवटी ३ जून २०२५ रोजी तो संघ जिंकला. आम्हा वऱ्हाडकरांना त्यात एक घरचा आनंदही होता, कारण त्या संघाचा यष्टिरक्षक जितेश शर्मा हा अमरावतीचा. त्याच्यावर ११ कोटींची बोली लागली होती. साखळीतील शेवटच्या सामन्यात, लखनौविरुद्ध, पंतने नाबाद ११८ धावा केल्या आणि त्यांना उत्तर म्हणून जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून सामना काढून दिला. २७ कोटींसमोर ११ कोटी उभे राहिले, असे आमच्या कट्ट्यावर कौतुकाने म्हटले गेले. मातोश्रींचा प्रश्न मला तेव्हाच आठवायला हवा होता. अमरावतीच्या मैदानांवर घाम गाळलेल्या मुलाला आम्ही त्याच्या बोलीने ओळखू लागलो होतो.

दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, बंगळुरात विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत मैदानाबाहेर चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी पुष्कळ तरुण होती. दोष कोणाचा हे ठरविणे या सदराचे काम नाही. परंतु नफ्याची ओढ तेवढी हीन आणि जयाची ओढ पवित्र, अशी जी आपली सोपी समजूत असते, ती त्या दिवसानंतर टिकत नाही. आपल्याकडे परिग्रह वस्तूने मोजत नाहीत, तिच्यावरील आसक्तीने मोजतात. चषक हाही परिग्रह होऊ शकतो.

आता अशा मालकांकडे वळू, ज्यांच्या चोपडीत संघ हा व्यापार नव्हताच. आपल्या शेजारच्या गोव्यात खनिज आणि व्यापार यांत मोठ्या झालेल्या घराण्यांनी फुटबॉलचे संघ दशकानुदशके पोसले. साळगावकरांनी १९५६ साली काढलेला संघ १९९८-९९ आणि २०१०-११ मध्ये देशात पहिला आला. धेंपो घराण्याच्या संघाने २००५ ते २०१२ या आठ वर्षांत पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि २००८ मध्ये आशियाई स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. तिकिटांच्या विक्रीतून असा संघ चालत नाही; पेढीचा आधार लागतोच. मुंबईत महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासून होता आणि २००५-०६ मध्ये तोही देशात पहिला आला. या मालकांना जय प्रिय होता, यात शंका घेण्याचे कारण नाही.

तथापि महिंद्रांचा संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेला दुय्यम स्थान देण्याच्या महासंघाच्या योजनेला विरोध म्हणून, साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या तिन्ही संघांनी त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. मालकांचे म्हणणे रास्त असेल. पण ज्या मुलाने अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून त्या संघाचा गणवेश घालण्याचे स्वप्न पाहिले, त्याच्यासमोरचे दार त्या दिवशी लहान झाले. नफ्यासाठी चालविलेला संघ नफा असेपर्यंत चालतो. प्रेमाने चालविलेला संघ प्रेम असेपर्यंत. दोन्हींत चावी एकाच्याच खिशात असते.

मग ज्या संघाला मालकच नाही त्याचे काय? त्यासाठी वऱ्हाडाबाहेर जावे लागत नाही. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत १९५७-५८ पासून खेळतो. साठ वर्षे कोणी त्याला मोठे मानले नाही. १ जानेवारी २०१८ रोजी इंदुरात, फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या शिकवणीत, त्याने दिल्लीला नऊ गडी राखून हरविले आणि पहिल्यांदा पद मिळविले. पुढच्या वर्षी पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. या संघाची मालकी कोणाही शेठजीकडे नाही. संघटना आहे, मैदान आहे, प्रशिक्षण आहे आणि पिढ्यानपिढ्यांची चिकाटी आहे.

त्याहून जुने उदाहरण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. वैद्य बंधूंनी १९१४ साली लावलेले हे रोप. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. कोणाच्याही नफ्यातोट्याच्या पत्रकात त्या प्रवासाला जमेची बाजू सापडली नसती. आज शंभर वर्षांहून अधिक काळ झाला, तरी मंडळ उभे आहे, कारण ते एका घराच्या मर्जीवर ठेवलेले नव्हते.

या दोन टोकांच्या मध्ये आपल्या समाजापुढे एक जवळचे उदाहरण आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने खेळाडूंना आपल्या आस्थापनेत नोकरी देण्याची रीत ठेवली आहे. कॅरम, बुद्धिबळ, क्रिकेट अशा खेळांतील मुले-मुली तेथे आहेत. स्वतंत्र अकादमी आहे. कॅरमच्या सामन्याने कोणत्या ठिबक नळीचा खप वाढणार? तरी महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारा खेळाडू हरल्यावर उपाशी राहत नाही, आणि म्हणूनच तो निर्भयपणे जिंकण्यासाठी खेळू शकतो. भवरलालजींनी घालून दिलेल्या पेढीच्या वळणाला हे साजेसेच आहे.

या सगळ्या चोपड्या वाचून माझ्यापुरते उत्तर असे झाले. मालकाला नफा अधिक प्रिय की जय, हे त्याच्या स्वभावापेक्षा पैसा कोठून येतो यावर अधिक अवलंबून असते. जेथे हरूनही हिस्सा मिळतो, तेथे जय ही शोभा होते. जेथे हरण्याने गल्ला आटतो, तेथे जय ही गरज होते. जेथे पैसा मालकाच्या घरातूनच येतो, तेथे जय हाच मोबदला असतो; पण तो मोबदला वसूल करण्याची घाई झाली की मालक खेळाडूंच्या छातीवर बसतो. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाच्या गुणांत न्यायाने मिळविलेल्या वैभवाला पहिले स्थान दिले. नफा मिळविण्याला त्यांनी मनाई केली नाही. तो कसा मिळविला हे विचारले. जयालाही तोच प्रश्न लावता येतो. तो पैजेतून आला का? कोणाचे मानधन बुडवून आला का? ज्या वस्तूच्या व्यापाराचा आपण त्याग केला, तिचे नाव छातीवर मिरवून आला का?

दुसऱ्या दिवशी पुतण्याला बोलावले. "संघ घे," मी म्हणालो, "पण काही गोष्टी आधी लिहून ठेवू."

परिग्रहाचे परिमाण वस्तू समोर येण्यापूर्वी ठरवायचे असते. लिलावाच्या मांडवात बसून ठरविलेली मर्यादा टिकत नाही. म्हणून एकावन्न हजार ही रक्कम अखेरची, वर एक रुपया नाही, असे प्रथम लिहिले. खेळाडूंचे ठरलेले मानधन पहिल्या सामन्यापूर्वी द्यायचे आणि बोली ज्याची कितीही गुणांची लागो, मानधन सर्वांना सारखे, हे दुसरे. मातोश्रींच्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर होते. गणवेशावर गुटखा-मद्याचे नाव नाही, हे तिसरे. सामन्यावर पैसे लागल्याचे कानावर आले तर त्याच दिवशी संघ मागे घ्यायचा, हे चौथे. पाचवे, जेवण आपल्या घरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे. यावर मात्र संघाने पुष्कळ कुरकुर केली, असे नंतर कळले.

"आणि मुनीमजी," मी म्हणालो, "ही रक्कम जाहिरात खात्यात लिहू नका. धर्मादायातही नाही. पुतण्याच्या नावे उचल लिहा."

त्याचा चेहरा उतरला. "काका, संघ पेढीच्या नावाचा आणि खर्च माझ्या नावे?"

"जिंकायचं आहे असं तूच म्हणालास ना? हौस ज्याची, उचल त्याची. हौसेला जाहिरात म्हणून लिहिलं तर पुढच्या वर्षी ती दुप्पट होते. धर्म म्हणून लिहिलं तर तिला कोणी अडवतही नाही."

त्याने थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली.

संघ उपांत्य सामन्यात हरला. आठ दिवस मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडलेला मुलगा दोन दिवस दुकानात कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मुनीमजींजवळ जाऊन त्याने आपल्या उचलीत आणखी अकरा हजार लिहायला सांगितले. त्याच्या संघातील दोन मुले ज्या शाळेची, त्या शाळेत सरावासाठी जाळी नव्हती, ती बसवायची होती. मुनीमजींनी माझ्याकडे पाहिले. "हे मात्र पेढीच्या धर्मादायात लिहा," मी म्हणालो.

वाचकहो, येत्या हंगामात आपल्यापैकी कित्येकांच्या गादीजवळ असाच एखादा मुलगा येऊन बसेल. त्याला नाही म्हणण्याची घाई करू नये, आणि हो म्हणण्याचीही. रक्कम किती, हे विचारण्याआधी ती कोणत्या खात्यात लिहायची, हे त्यालाच विचारावे. उत्तर देताना तो नफा, नाव आणि जय या तिन्हींची नावे घेईल. त्यांतले आपले कोणते, हे त्याला स्वतःलाच ओळखू द्यावे.